देशातल्या पहिल्या टीव्ही निर्मात्यांत होते, तरी टीव्हीत रमले नाहीत, पु. ल. देशपांडे प्रत्येक वेळी भरात असताना बाजूला का झाले?

सिनेमा, रेडिओ, टीव्ही, रंगमंच... प्रत्येक ठिकाणी यश मिळालं आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी वेळेत निरोप घेतला. मोबाइलवर ऐकू येणाऱ्या त्या ओळखीच्या आवाजामागचं आयुष्य समजून घेऊया.

डिजिटल डेस्क, गडमुडशिंगी (ता. करवीर) : संध्याकाळची वेळ. दूध संस्थेसमोर किटल्या घेऊन रांग लागलेली. फॅट लागायला वेळ आहे म्हणून कुणीतरी मोबाइल काढतो, आवाज वाढवतो आणि 'म्हैस' सुरू होते. एसटीला आडवी आलेली म्हैस, खोळंबलेले प्रवासी, पंचनामा, पुढारी, फौजदार. म्हशीच्या दुधावर घर चालणाऱ्या या पट्ट्यात ही गोष्ट ऐकून हसू येणार नाही असा माणूस सापडणं अवघड. पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही रांग पुढे सरकेपर्यंत कुणी फोन बंद करत नाही.

हा आवाज पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा, म्हणजे आपल्या पुलंचा. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं उलटली. 'म्हैस' तर अर्धशतकाहून जुनी आहे. पुलं गेले तेव्हा स्मार्टफोन नव्हता, यूट्यूब नव्हतं, रील्स नव्हत्या. तरीही आज विशीतली मुलं त्यांची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवतात.

यातली एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. ज्या छोट्या पडद्यावर आज आपण विनोदी कार्यक्रम बघतो, तो पडदा भारतात पहिल्यांदा उजळला तेव्हा तिथल्या सुरुवातीच्या निर्मात्यांत पुलं होते. पंडित जवाहरलाल नेहरूंची भारतीय टीव्हीवरची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. लंडनच्या बीबीसीत जाऊन हे माध्यम शिकून आलेला माणूस. लेखक, नट, गायक, संगीतकार, दिग्दर्शक असं सगळं एकाच माणसात. टीव्हीसाठी याहून योग्य कोण असणार?

आणि तरीही ते तिथे थांबले नाहीत. का?

चाळ, जोगेश्वरी आणि पार्ले

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. बालपणाची सुरुवातीची वर्षं जोगेश्वरीत गेली. तेव्हा ते मुंबईबाहेरचं झाडीतलं गावच होतं. नंतर कुटुंब विलेपार्ल्यात आलं आणि पुलंची शाळा झाली पार्ले टिळक विद्यालय.

घरात गाणं आणि वाचन दोन्ही होतं. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहायचे. रवींद्रनाथ टागोरांची 'गीतांजली' त्यांनी मराठीत अभंगांच्या रूपात आणली होती. नातवाने पुढे पन्नाशीच्या आसपास शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकण्याचा हट्ट धरला, त्याचं बीज कदाचित इथे असेल.

मुलाचा हात हार्मोनियमवर लवकर बसला. पेटी हे पुलंचं आयुष्यभराचं वाद्य राहिलं. ते रीतसर शिकले आणि मोठमोठ्या गवयांच्या बैठकींत रमले. त्यांच्या विनोदाबद्दल बोलताना ही गोष्ट विसरून चालत नाही. वाक्य कुठे थांबवायचं, कुठे सम गाठायची, हे त्यांना पेटीवर बसूनच कळलं असावं.

पुढे इस्माईल युसूफ कॉलेज, मग कायद्याची पदवी, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि एमएसाठी सांगलीचं विलिंग्डन कॉलेज. शिक्षण असं तुकड्या-तुकड्यांनी झालं, कारण मधल्या काळात घरची जबाबदारी होती आणि मिळेल ती कामं करावी लागत होती. वकिलीची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्यात अशी उदाहरणं बरीच आहेत.

मास्तर, प्राध्यापक आणि बेळगाव

पुलंनी मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवलं. नंतर बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. बेळगावचा काळ त्यांच्यासाठी महत्त्वाचा ठरला. मराठी-कानडी मिसळलेली बोली, गाण्याच्या मैफली, नाटकवेडी माणसं हे सगळं त्यांनी तिथे जवळून पाहिलं. 'गणगोत' या पुस्तकातले रावसाहेब याच बेळगावचे. बोलण्यात शिव्यांची पेरणी करणारा, पण जिवाला जीव देणारा हा माणूस कोल्हापूरकरांना लगेच आपला वाटतो. असे रावसाहेब आपल्याकडे प्रत्येक तालमीत एक तरी असतात.

लेखनही सुरू झालं होतं. १९४० च्या दशकात 'अभिरुची' मासिकातून त्यांची व्यक्तिचित्रं येऊ लागली. दुसरीकडे चिंतामणराव कोल्हटकर यांच्या 'ललितकलाकुंज' या संस्थेच्या नाटकांतून ते रंगमंचावर उभे राहिले.

१२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. सुनीताबाई स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतलेल्या, स्वतंत्र विचारांच्या. पुढची ५४ वर्षं पुलंच्या प्रत्येक निर्णयामागे त्या होत्या. कार्यक्रमांचं नियोजन, करार, हिशेब, तालमीची शिस्त हे सगळं त्यांनी पाहिलं. पुलं मंचावर मोकळे हसू शकले, कारण मंचामागे कुणीतरी काटेकोर होतं.

सिनेमा : 'सबकुछ पु.ल.' आणि लगेच निरोप

१९४७ च्या 'कुबेर'पासून पुलं पडद्यावर दिसू लागले. १९४८ च्या 'वंदे मातरम्' या चित्रपटात तर पती-पत्नी दोघांनी काम केलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी कथा, पटकथा, संवाद, संगीत, अभिनय असं सगळं केलं. मराठी सिनेमाचा कारभार तेव्हा पुणे, कोल्हापूर आणि मुंबई अशा तीन ठिकाणांहून चालायचा. माणसं कमी, पैसे त्याहून कमी आणि कामाचा धडाका मोठा.

१९५३ हे त्यातलं सर्वांत मोठं वर्ष. त्या वर्षी आलेल्या 'देवबाप्पा' या चित्रपटाला पुलंचं संगीत होतं. मोराला नाचायला सांगणारं जे बालगीत आजही प्रत्येक बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये वाजतं, ते याच चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज आशा भोसले यांचा आणि चाल पुलंची.

त्याच वर्षी 'गुळाचा गणपती' आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळं पुलंनी केलं. 'सबकुछ पु.ल.' ही ओळख याच चित्रपटाने दिली. भोळा, सगळ्यांकडून टपल्या खाणारा, पण स्वप्नं पाहणारा नायक त्यांनी उभा केला. पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातलं या चित्रपटातलं भक्तिगीत आजही आषाढीला घराघरांत लागतं.

असा चित्रपट केल्यावर कुणीही पुढचे दहा चित्रपट करारबद्ध केले असते. पुलंनी उलट केलं. त्यांनी सिनेमातून जवळजवळ अंग काढून घेतलं. वय होतं ३४.

रेडिओ, लंडन आणि दिल्लीतला छोटा स्टुडिओ

१९५५ मध्ये पुलं आकाशवाणीत रुजू झाले. रेडिओ तेव्हा आजच्या मोबाइलसारखा होता. बातम्या, गाणी, श्रुतिका, शेतीचे भाव सगळं त्यावरच. इथे पडदा नाही, कपडे नाहीत, हावभाव नाहीत. फक्त आवाज. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा करायचा तर आवाजानेच करायचा. नाट्यनिर्माता म्हणून पुलंना या कामाचा मोठा अनुभव मिळाला. आज आपण त्यांचं कथाकथन डोळे मिटून ऐकतो आणि तरी सगळं दिसतं, त्यामागे रेडिओची ही वर्षं आहेत.

१९५८ मध्ये त्यांना युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर लंडनला पाठवण्यात आलं. तिथे बीबीसीत टीव्ही आणि जनमाध्यमांचं प्रशिक्षण झालं. पुढे फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीतही काही काळ मुक्काम झाला. या प्रवासातून 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन आलं. परदेशात गेल्यावर मराठी माणसाची होणारी तारांबळ त्यांनी अशी लिहिली, की विमानात कधीही न बसलेल्या वाचकालाही ती आपली वाटली.

परतल्यावर दिल्ली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतात टीव्हीचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. ते दृश्य आजच्या पिढीने कल्पनेतच पाहावं. आकाशवाणीच्याच इमारतीत तात्पुरता स्टुडिओ, छोटा प्रक्षेपक आणि दिल्लीच्या आसपासपुरती मर्यादित कक्षा. घरोघरी टीव्ही नव्हते. ठरावीक ठिकाणी सार्वजनिक संच ठेवलेले, त्यांच्यापुढे लोक जमायचे. रोजचं प्रसारणही नव्हतं, आठवड्यातले मोजके दिवस आणि तेही थोडा वेळ. 'दूरदर्शन' तेव्हा आकाशवाणीचाच भाग होतं. ते वेगळं खातं झालं थेट १९७६ मध्ये.

या सुरुवातीच्या काळात पुलं तिथे निर्माते होते. नेहरूंची मुलाखत याच काळातली. म्हणजे देशातल्या टीव्हीच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर एका मराठी विनोदकाराचं नाव आहे.

मग टीव्ही सोडला का?

कारण एका ओळीत सांगता येत नाही. पण त्या वेळची परिस्थिती मांडली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

पहिली गोष्ट, प्रेक्षक. १९५९ चा टीव्ही फक्त दिल्लीत दिसत होता. मुंबईत टीव्ही केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी. पुलंचा विनोद पूर्णपणे मराठी भाषेवर, मराठी माणसांच्या लकबींवर उभा होता. ज्यांच्यासाठी तो होता ते लोक त्या पडद्यासमोर नव्हतेच. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्समीटर तयार होता, पण योग्य रिसीव्हर त्याच्या रेंजमध्ये नव्हता.

दुसरी गोष्ट, नोकरी. हे माध्यम सरकारी होतं. तिथे फायली होत्या, मंजुऱ्या होत्या, वरिष्ठ होते. जो माणूस एकट्याने चित्रपट उभा करू शकतो, त्याला या चौकटीत किती काळ करमणार?

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विनोद करणाऱ्याला समोरचं हसू ऐकू यावं लागतं. स्टुडिओत कॅमेरा असतो, तो हसत नाही. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतला माणूसही हसला की मंचावर कळतं. पुढचं वाक्य किती वेळाने टाकायचं हे त्यावर ठरतं.

पुलं मुंबईला परतले आणि रंगमंचावर उभे राहिले.

एक माणूस, अख्खी चाळ

नाटककार म्हणून त्यांचं नाव आधीच झालं होतं. गोगोलच्या रशियन नाटकावरून केलेला 'अंमलदार' १९५२ चा. 'तुझे आहे तुजपाशी' १९५७ चं. आयुष्याचा आस्वाद घेणारे काकाजी आणि व्रतवैकल्यात अडकलेले आचार्य यांच्यातला सामना मराठी रंगभूमीवर अनेक वर्षं गाजला. पुढे शॉच्या नाटकावरून 'ती फुलराणी' आणि ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' आलं. परकी नाटकं त्यांनी मराठी मातीत अशी रुजवली, की मूळ कुठलं हे विचारावंसं वाटू नये.

पण १९६० च्या दशकात त्यांनी जे केलं ते मराठीत नवीन होतं. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक त्यांनी एकट्याने मंचावर सादर केलं. नेपथ्य जवळपास नाही, वेशांतर नाही. एक माणूस चाळीतली सगळी बिऱ्हाडं उभी करतो. खांदा थोडा वाकवला की म्हातारा, मान वेळावली की चाळीतली बाई, आवाज चढवला की सभेचा अध्यक्ष. तिकिटासाठी रांगा लागायच्या. 'असा मी असामी'चे प्रयोगही असेच गाजले.

'वाऱ्यावरची वरात' हा प्रकार वेगळा होता. त्यात अनेक कलाकार होते, सुनीताबाईही होत्या. छोटे-छोटे प्रसंग, मध्ये गाणी, निवेदन आणि सगळ्याला धरून ठेवणारे पुलं. आज 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघताना प्रसंगांची जी मांडणी आपल्याला सवयीची वाटते, तिची जुनी मराठी नात्यातली माणसं शोधायची तर 'वरात'पर्यंत जावं लागतं.

आणि इथेही तेच घडलं. नाट्यगृहं भरलेली असताना त्यांनी प्रयोग थांबवले. मागणी संपली म्हणून नव्हे, तर आपल्याला आता पुरे झालं म्हणून. लोकांनी कंटाळून उठण्याआधी आपण उठावं, हा हिशेब त्यांनी कायम पाळला.

पुलंचा विनोद नेमका चालतो कसा?

त्यांची कोटी प्रसिद्ध आहे. पण फक्त शब्दांच्या कसरतींवर कुणी साठ वर्षं टिकत नाही. तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

एक, निरीक्षण. 'व्यक्ती आणि वल्ली'मधला अंतू बर्वा, नारायण, सखाराम गटणे, चितळे मास्तर, नामू परीट ही माणसं कपोलकल्पित वाटत नाहीत. लग्नघरात सगळ्यांच्या आधी पोचणारा आणि कार्य आटोपल्यावर कुणाच्याच लक्षात न राहणारा नारायण प्रत्येक भावकीत असतो. गडमुडशिंगीतही आहे, तुमच्या गावातही असेल.

दोन, हसवणाऱ्याची जागा. पुलं माणसाच्या वरून बघत नाहीत. ते त्याच्या शेजारी बसतात. 'असा मी असामी'त तर स्वतः निवेदकच सगळ्यांत गोंधळलेला कारकून आहे. जात, व्यंग, गरिबी यांच्यावर सोपा हशा मिळवण्याऐवजी ते माणसाच्या खोड्यांवर हसतात.

तीन, शेवट. अंतू बर्व्याचा तिरकसपणा ऐकून आपण हसतो आणि शेवटी त्यामागचा एकटेपणा दिसतो. 'बटाट्याची चाळ'च्या अखेरीस येणारं चिंतन तर हसवत नाहीच. चाळ म्हातारी झाली, तिच्याबरोबर एक जगणं संपत चाललं, ही हुरहुर तिथे आहे. हसता-हसता डोळे ओले होणं हा त्यांच्या लेखनाचा नेहमीचा अनुभव.

'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये पद्मश्री, १९९० मध्ये पद्मभूषण. नाटकातल्या कामासाठी संगीत नाटक अकादमीचा सन्मानही मिळाला.

इचलकरंजीचं संमेलन आणि आणीबाणी

१९७४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्यात, इचलकरंजीत भरलं. ते पन्नासावं संमेलन होतं आणि अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. यंत्रमागांच्या गावात, कामगार आणि विणकरांच्या वस्तीत मराठी साहित्याचा उत्सव झाला. जिल्ह्यातल्या जुन्या वाचकांच्या बोलण्यात ते संमेलन अजूनही येतं.

पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागू झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला, विरोधी नेते तुरुंगात गेले. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी उघड विरोधाची भूमिका घेतली. मावळते अध्यक्ष पुलंही गप्प बसणाऱ्यांत नव्हते.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा. पुलं तेव्हा महाराष्ट्रातले सर्वांत लोकप्रिय लेखक होते. त्यांना गमावण्यासारखं बरंच काही होतं. गंमत सांगा, लोकांना हसवा, सत्तेशी वाकडं कशाला, हा सोपा मार्ग होता. विनोदी लेखकाकडून लोकांची अपेक्षाही तेवढीच असते.

त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्या तुरुंगातल्या रोजनिशीचा मराठी अनुवाद केला. १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले. गावोगावी माणसं त्यांना ऐकायला आली. काही जण हसायला आले असतील, पण ऐकायला मिळालं ते लोकशाहीबद्दल.

निवडणूक जिंकली. दिल्लीत सत्ता बदलली. ज्यांनी सभा गाजवल्या त्यांना पदं मिळण्याचे ते दिवस. पुलंनी काही घेतलं नाही. ते पुन्हा आपल्या लेखनाकडे, गाण्याकडे वळले. 'गुळाचा गणपती'नंतर केलं, दिल्लीतल्या टीव्हीनंतर केलं, तेच इथेही. फरक इतकाच, की या वेळी सोडलेली गोष्ट सत्ता होती.

पैसा कुठे गेला?

प्रयोगांतून आणि पुस्तकांतून पैसा चांगला आला. पती-पत्नींची राहणी साधी होती. त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन केलं आणि त्यातून सामाजिक संस्थांना मदत केली. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पुलं आणि सुनीताबाईंचा आधार होता. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी त्यांचं जिव्हाळ्याचं नातं होतं.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीला नाव आहे 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं हे नाव आणि त्यात दडलेले 'पुल'. पुलंच्या नावाने झालेली कोटी अशी खुद्द त्यांनाही आवडली असती.

१९९६ : मान मिळाला आणि वादही

महाराष्ट्र सरकारने 'महाराष्ट्र भूषण' हा सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. पहिला मान १९९६ मध्ये पुलंना मिळाला. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. पुरस्काराच्या वेळच्या मनोगतात पुलंनी सत्तेतल्या ठोकशाहीच्या भाषेबद्दल खंत मांडली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी त्यावर जाहीर आणि कडक शब्दांत टीका केली. वाद महाराष्ट्रभर गाजला. ओरिएंट हायस्कूलमध्ये पुलं शिकवत होते तेव्हा ठाकरे त्याच शाळेत शिकत होते, हा त्यातला आणखी एक धागा.

पुलं तेव्हा सत्त्याहत्तरीत होते आणि कंपवाताने आजारी होते. पुरस्कार घेऊन शांत राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९७७ मध्ये एका पक्षाच्या सरकारला जे सांगितलं, ते १९९६ मध्ये दुसऱ्या पक्षांच्या सरकारलाही सांगायला हवं, असं त्यांनी मानलं. म्हणून हा प्रसंग त्यांच्या चरित्रात महत्त्वाचा आहे. पद घेतलं नव्हतं, नोकरी ठेवली नव्हती, त्यामुळे कुणाचं देणं नव्हतं. बाजूला होण्याच्या त्या सवयीने त्यांना बोलण्याची मोकळीक दिली.

१२ जून

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलंचं निधन झालं. तो त्यांच्या लग्नाचा ५४ वा वाढदिवस होता. सुनीताबाई २००९ मध्ये गेल्या. संसाराची दुसरी, कमी हसरी बाजू त्यांनी 'आहे मनोहर तरी' या आत्मकथनात आधीच प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. पुलं समजून घ्यायचे असतील तर ते पुस्तक टाळता येत नाही.

टीव्ही सोडला, पण पडद्याने त्यांना सोडलं नाही

पुढे घडलेली गोष्ट गमतीची आहे. आधी कॅसेटमधून त्यांचं कथाकथन घराघरांत गेलं. मग सीडी आल्या, मग यूट्यूब. २०१८ मध्ये सोनी सब वाहिनीवर त्यांच्या व्यक्तिचित्रांवर आधारलेली 'नमुने' ही हिंदी मालिका आली, त्यात संजय मोने पुलं झाले होते. २०१९ मध्ये 'भाई : व्यक्ती की वल्ली' हा चित्रपट दोन भागांत आला. ८ नोव्हेंबर २०२० रोजी गुगलने त्यांच्या जन्मदिनी डूडल ठेवलं.

१९५९ मध्ये त्यांच्याकडे पडदा होता, पण समोर मराठी प्रेक्षक नव्हता. आज प्रत्येक मराठी माणसाच्या खिशात पडदा आहे. तेव्हा तुटलेली जोडणी आता लागली आहे.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर

- हसायचं असेल तर 'म्हैस' किंवा 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर' यापासून सुरुवात करा.
- माणूस समजून घ्यायचा असेल तर 'अंतू बर्वा' आणि 'नारायण'.
- आपल्या भागाची चव हवी असेल तर बेळगावचे 'रावसाहेब'.
- वाचायचं असेल तर 'व्यक्ती आणि वल्ली', मग 'अपूर्वाई'.
- सिनेमा बघायचा असेल तर 'गुळाचा गणपती'.

गडमुडशिंगीत दूध संस्थेसमोरची रांग एव्हाना संपत आलेली असते. मापं झाली, पावत्या हातात आल्या. 'म्हैस' अजून पंचनाम्यापर्यंतच पोचलेली असते. ती उरलेली गोष्ट घरी जाताना गाडीवर ऐकू नका, हसताना तोल जातो. घरी पोचून सगळ्यांसोबत ऐका.